कालवांचा रीफ पुन्हा उभा करताना: निदानापासून सहाव्या वर्षाच्या मोजणीपर्यंत

खाडीच्या तळाशी कालवं एकमेकांना चिकटून वाढतात. जुन्या कालवांच्या कवचांवर नवी बसतात, ती मेली की त्यांच्या कवचांवर पुढची. शतकानुशतकं असं चालून तळावर उंचसखल, फटींनी भरलेला रीफ उभा राहतो आणि त्या फटींत खेकडे, कोळंबी, माशांची पिल्लं आसरा घेतात. कार्ल मोबियस या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने उत्तर समुद्राच्या किनाऱ्यालगतचे कालवांचे थर अभ्यासून १८७७ साली मांडलं की इथले सगळे जीव मिळून एक समाज बनतो, त्यातल्या एकाचं प्रमाण हललं की बाकीच्यांचंही हलतं. त्या काळातच युरोपातले कितीतरी थर उपशाने रिकामे होत होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात जगातले सुमारे ८५ टक्के कालवांचे रीफ नष्ट झाल्याचा अंदाज आहे.

उपशात नुसते प्राणी गेले नाहीत, त्यांची कवचंही गेली. पुढच्या पिढीला बसायची जागा गेली आणि उरलेल्या तळावर गाळ साचला. म्हणूनच “कालवं कमी झाली, तर आणून सोडू” हा सरळ वाटणारा उपाय अनेकदा फसतो. नेमकं काय कमी आहे ते आधी मोजायला हवं. संस्था, महाविद्यालयीन गट, मच्छीमारांच्या सोसायट्या किंवा संशोधक, कोणीही हे काम हाती घेतलं तरी क्रम तोच राहतो. त्यात सगळ्यात जास्त वेळ पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याला द्यावा असं माझं ठाम मत आहे, कारण नेमकी याच दोन ठिकाणी काटकसर केली जाते.

पहिला टप्पा: कमी काय आहे ते शोधा

त्यासाठी कालवाचं आयुष्य थोडं समजून घ्यावं लागेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या क्रासोस्ट्रिआ व्हर्जिनिका या जातीत नर शुक्राणू आणि मादी अंडी उघड्या पाण्यात सोडतात. फलन झाल्यावर साधारण दिवसभरात डिंभाला, म्हणजे कालवाच्या तरंगत्या पिल्लाला, पहिलं चिमुकलं कवच येतं. मग दोन-तीन आठवडे तो प्रवाहाबरोबर तरंगतो. शेवटी त्याला डोळ्यासारखा काळा ठिपका आणि रांगायला पाय फुटतो, तो तळ चाचपतो, घट्ट आणि स्वच्छ जागा मिळाली की कवचाची डावी झडप तिला कायमची चिकटवतो. यानंतर तो कधीही हलत नाही. युरोपातलं चपटं कालव ऑस्ट्रिआ एडुलिस मात्र वेगळ्या पद्धतीने वागतं. तिथे मादी पाण्यातले शुक्राणू आत ओढून घेते आणि डिंभ काही दिवस आपल्या कवचातच सांभाळते. अशा जातीत कालवं एकमेकांपासून फार लांब लांब विखुरलेली असली तर फलनच नीट होत नाही. तेव्हा तुमच्या पाण्यात कुठली जात मूळची होती हे पहिल्यांदा नक्की करा. त्यासाठी जुने सागरी नकाशे, मासळी विभागाच्या जुन्या नोंदी, तळातून वर येणारी जुनी कवचं आणि वयस्कर मच्छीमारांच्या आठवणी कामी येतात.

आता डिंभ येतात का ते पाहा. जुनी वाळलेली कवचं भोकं पाडून तारेत किंवा दोरीत ओवा आणि अशा माळा तळापासून थोड्या वर टांगा. कवचांऐवजी खरखरीत फरशीचे तुकडेही चालतात, आणि सगळे एकाच मापाचे असल्यामुळे मोजणीला सोयीचे पडतात. पाणी तापून प्रजननाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी (क्रासोस्ट्रिआ व्हर्जिनिकासाठी हे साधारण २० अंश सेल्सिअसच्या आसपास येतं) माळा पाण्यात असाव्यात. दर दोन आठवड्यांनी जुनी माळ काढून नवी लावा. काढलेली माळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दर कवचामागे किती बीज (नुकती चिकटलेली कालवाची पिल्लं) बसलं ते लिहून ठेवा. एका हंगामावर निष्कर्ष काढू नका. एखाद्या वर्षी बीजाचा पाऊस पडतो आणि पुढच्या वर्षी माळा कोऱ्या निघतात, हे कालवांच्या बाबतीत नेहमीचं आहे. किमान दोन हंगाम हवेत.

त्याच काळात तळ तपासा. उथळ पाण्यात लांब काठी खुपसून किती खोलवर रुतते ते ठरावीक अंतरावर नोंदवा. मोठ्या क्षेत्रासाठी सोनारने (ध्वनिलहरींनी तळ टिपणाऱ्या यंत्राने) तळाचा नकाशा काढावा लागतो, पण सोनारवर जे घट्ट दिसतं ते कवच आहे की दगड हे पाणबुड्याने किंवा नमुना काढूनच पक्कं करा.

तिसरी चाचणी बरेच जण गाळतात. थोडी लहान कालवं जाळीच्या पिंजऱ्यात आणि तितकीच उघड्यावर ठेवा आणि वर्षभर दर महिन्याला जिवंत-मेलेली मोजा. उघड्यावरची मेली आणि पिंजऱ्यातली जगली, तर कारण भक्षक आहेत. दोन्हीकडची मेली, तर दोष पाण्यात आहे किंवा रोग आहे. अगदी साधी, स्वस्त चाचणी आहे, पण पुढच्या सगळ्या खर्चाचा निर्णय तिच्यावर ठरू शकतो.

हे सगळं हाताशी आलं की चित्र स्पष्ट होतं. माळांवर बीज भरपूर बसतं पण तळ चिखलाचा आहे, अशा ठिकाणी फक्त पाया लागतो, हॅचरीवर (बीज तयार करणाऱ्या केंद्रावर) पैसे घालू नका. तळ घट्ट आहे पण माळा कोऱ्या, तर आईबापच उरलेले नाहीत आणि बीज बाहेरून आणावं लागेल. दोन्ही नसेल तर दोन्ही लागेल. आणि बीज बसून वर्षभरात मरत असेल तर थांबा. कारण सापडेपर्यंत तिथे काहीही टाकू नका. काम सोपवणाऱ्या संस्थेला हे सांगणं अवघड जातं, पण ते सांगितलंच पाहिजे.

पाणी: सरासरीवर विसंबू नका

क्षारता, तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन, या तिन्हींची नोंद करणारी स्वयंचलित यंत्रं तळाजवळ निदान वर्षभर बसवा. पृष्ठभागावरचं पाणी बादलीत घेऊन केलेली मोजणी कालवाच्या अनुभवाबद्दल फारसं सांगत नाही. उन्हाळ्यात खोल पाण्याच्या तळाशी ऑक्सिजन लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकतो, आणि वर सगळं ठीक दिसतं. प्रौढ कालव झडपा मिटून काही काळ तग धरतं, नुकतं बसलेलं बीज इतका वेळ काढू शकत नाही.

क्रासोस्ट्रिआ व्हर्जिनिका बरीच विस्तृत क्षारता सोसते, मात्र दर हजारी १४ ते २८ भाग तिला चांगले मानवतात. पण वर्षाची सरासरी २० आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. २०१९ साली मिसिसिपी नदीला पूर आला तेव्हा न्यू ऑर्लीन्सजवळचा बॉनेट कॅरे सांडवा दोन वेळा मिळून १२३ दिवस उघडा ठेवावा लागला. गोडं पाणी मिसिसिपी साउंड या किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रपट्ट्यात शिरलं आणि तिथल्या रीफांवरची कालवं प्रचंड प्रमाणात मेली. त्या जागा कालवांसाठी मुळात वाईट नव्हत्या, एका लांबलेल्या घटनेने त्या रिकाम्या केल्या. म्हणून मागच्या वीस-तीस वर्षांत नदीचा विसर्ग किती आणि किती दिवस टिकला ते पाहा.

खारं पाणीही सोपं नाही. क्षारता वाढली की शिंपल्याला भोक पाडणाऱ्या गोगलगाई, तारामासे आणि कवच पोखरणारे स्पंज वाढतात. रोगही वाढतात. एमएसएक्स हा सूक्ष्म परजीवीमुळे होणारा रोग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १९५७ साली डेलावेअर उपसागरात आणि १९५९ साली चेसापीक उपसागरात आढळला. तो साधारण दर हजारी १५ च्या वरच्या पाण्यात जोर धरतो. डर्मो हा असाच दुसरा परजीवी रोग त्याहून कमी खाऱ्या पाण्यातही टिकतो आणि उबदार वर्षांत बळावतो. दोन्हींपासून माणसाला धोका नाही, पण कालवं विक्रीच्या आकाराची होण्याआधीच मरतात. तेव्हा भक्षक व रोग आवरतील इतकं सौम्य आणि पुरातही तगेल इतकं खारं, असा मधला पट्टा शोधायचा असतो.

परवानग्या, आणि खाण्याचा प्रश्न

समुद्रतळावर काहीही टाकायला परवानगी लागते. नौकानयन, मासेमारीचे हक्क, सागरी गवताचं संरक्षण असे वेगवेगळे विभाग त्यात येतात. अर्ज निदानाच्या काळातच सुरू करा.

हा रीफ खाण्यासाठी नसेल तर तसं पहिल्या दिवसापासून जाहीर सांगा. कालव पाण्यातले कण गाळून खातं, त्यामुळे सांडपाण्यातले जंतू आणि विषाणू त्याच्या अंगात साठतात. न्यूयॉर्क बंदरात २०१४ पासून काम करणारा बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट याच कारणाने आपली कालवं खाऊ देत नाही. चोरून तोडणी झाली तर रीफ तर जातोच, वर लोक आजारी पडले तर सगळ्या कामावरचा विश्वास उडतो. जवळच्या मच्छीमारांना मोजणीत आणि राखणीत सामील करून घेणं हा मला दिसणारा सर्वांत टिकाऊ बंदोबस्त आहे.

जागा आणि उंची

ज्या पाण्यात प्रवाह आहे पण तळ धुऊन नेण्याइतका जोर नाही, अशी जागा निवडा. प्रवाहाने अन्न येतं आणि गाळ वाहून जातो. अगदी मऊ चिखलावर कवचं ओतली तर ती बुडतील. तिथे आधी दगड किंवा खडी पसरावी लागते.

उंचीकडे विशेष लक्ष द्या. व्हर्जिनियातल्या ग्रेट विकोमिको नदीत २००४ साली मोठ्या क्षेत्रावर रीफ बांधले गेले, काही २५ ते ४५ सेंटिमीटर उंच, काही जेमतेम ८ ते १२. तीनएक वर्षांनी मोजलं तेव्हा उंच रीफांवर कालवांची घनता सखल रीफांच्या सुमारे चौपट होती. कारण समजायला सोपं आहे. उंचावर प्रवाह जास्त, गाळ कमी आणि तळाशी साचणाऱ्या कमी ऑक्सिजनच्या पाण्यापासून थोडी सुटका. पातळ थर जास्त जागेवर पसरला की अहवालात हेक्टर मोठे दिसतात, पण काही वर्षांत तो गाळाखाली जातो. कवच मोजकंच असेल तर क्षेत्र कमी करा आणि थर उंच ठेवा.

ओहोटीला उघडे पडणारे रीफ बांधत असाल तर पाण्याबाहेर राहण्याचा काळ हिशोबात घ्या. उत्तर कॅरोलिनातल्या अभ्यासांत एकूण वेळेच्या साधारण २० ते ४० टक्के काळ उघडे राहणारे रीफ सर्वांत चांगले वाढताना दिसले. त्याहून खाली भक्षक आणि पोखरणारे जीव जड जातात, त्याहून वर ऊन आणि उपासमार.

पाया: कवच गोळा करणं आणि मुरवणं

डिंभांना सगळ्यात जास्त आवडतं ते कालवाचंच कवच. उपाहारगृहांतून आणि प्रक्रिया केंद्रांतून ते गोळा करता येतं. पण ताजं कवच कधीही पाण्यात टाकू नका. त्याला चिकटलेल्या मांसातून परजीवी आणि परके जीव नव्या पाण्यात शिरतात. मोकळ्या जागेवर, ऊनपाऊस लागेल असे, फार उंच नसलेले ढीग घाला, अधूनमधून उलथवा आणि किमान सहा महिने, शक्य असेल तर वर्षभर राहू द्या. मांसाचा अंशही उरला नाही याची खात्री झाली की मगच वापरा.

कवच पुरत नसेल तर चुनखडीचा दगड, ग्रॅनाइट किंवा धुतलेलं काँक्रीट चालतं. त्याला टोकदार सळ्या आणि तेलाचा अंश नसावा. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या विंडारा रीफचं सुमारे २० हेक्टरचं काम मुख्यतः चुनखडीच्या दगडांवरच उभं राहिलं आणि त्यावर तिथलं मूळचं चपटं कालव, ऑस्ट्रिआ अंगासी, सोडलं गेलं. त्याच राज्यातल्या संशोधकांनी पाण्याखाली स्पीकर लावून निरोगी रीफवरच्या कोळंबीचा तडतडाट ऐकवला, तेव्हा त्या ठिकाणी जास्त बीज बसलं. आवाजाकडे ओढल्या जाणाऱ्या डिंभांची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रिकाम्या खाडीत जागेबरोबर जागेची हाकसुद्धा हरवलेली असते.

वेळ साधा. कवच प्रजननाच्या ऐन हंगामाच्या जरा आधी पाण्यात गेलं पाहिजे. दोन-तीन महिने आधी टाकलंत तर बार्नकल (दगडांना चिकटणारे छोटे कवचधारी जीव), शेवाळ आणि गाळ त्यावर आधी बसतात आणि डिंभांना जागा उरत नाही.

बीज लागणार असेल तर

आईबाप त्याच पाण्यातले किंवा शेजारच्या पाण्यातले घ्या. दुरून आणलेलं कालव सोबत रोग आणतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बोनामिया हा परजीवी फ्रान्सच्या किनाऱ्यावर सापडला, आणि तो हलवलेल्या कालवांबरोबरच युरोपभर पसरला. परकी जात आणण्याचा मोहही टाळा. चेसापीकमध्ये आशियाई कालव क्रासोस्ट्रिआ आरियाकेन्सिस सोडण्याचा विचार बरीच वर्षं चालला होता. सविस्तर अभ्यासानंतर २००९ साली तो सोडून देण्यात आला आणि मूळच्या कालवावरच भर द्यायचं ठरलं. हॅचरीत दरवर्षी नवे आणि शक्य तितके जास्त आईबाप वापरा, नाहीतर कोट्यवधी बीज मोजक्याच जोड्यांचं निघतं. कालवांच्या शेतीसाठी विकलं जाणारं त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेलं) बीज वांझ असतं, ते इथे निरुपयोगी.

हॅचरीतून डोळा फुटलेले डिंभ ओल्या कापडात गुंडाळून, थंड ठेवून येतात. स्वतःच्या किनाऱ्यावरच्या टाक्यांत ते कवचावर बसवायचे असतात. धुतलेली मुरवलेली कवचं जाळीच्या पिशव्यांत भरून टाकीत रचा, गाळलेलं समुद्राचं पाणी भरा, तापमान २५ अंशांच्या आसपास आणा आणि हवा सुरू ठेवा. कवचं एक-दोन दिवस भिजू द्या, म्हणजे त्यांवर सूक्ष्मजीवांचा पातळ थर येतो आणि तो डिंभांना आवडतो. डिंभांना आधी बादलीत हळूहळू टाकीच्या तापमानाला आणा. सर्वसाधारण हिशोब दर कवचामागे शंभर डिंभांचा धरतात. ते टाकीत सगळीकडे सारखे पसरतील असे ओता, दोन-तीन दिवस पाण्याचा प्रवाह बंद ठेवा, खायला शैवाल द्या. मग खाडीचं पाणी फिरवायला सुरुवात करा. आठवड्याभरात टाकीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पिशव्यांतली काही कवचं काढून बसलेलं बीज मोजा. शंभरातले दहा बसले तरी कवचामागे दहा झाले, तेवढ्यावर काम चालतं. तळाच्या पिशव्या रिकाम्या निघाल्या तर पुढच्या वेळी रचाई सैल करा.

किती बीज टाकायचं? मेरीलँडमधल्या हॅरिस क्रीकमध्ये सुमारे १४० हेक्टरवर दोन अब्जांहून जास्त बीज टाकलं गेलं, म्हणजे चौरस मीटरमागे हजाराहून जास्त. तिथे सहा वर्षांनंतरचं लक्ष्य मात्र चौरस मीटरमागे ५० कालवांचं होतं. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे खेकडे, गाळ, रोग आणि साधी गर्दी. अंदाजपत्रक या अंतरासकट करा.

ओतणं

आधी जागेच्या सीमा खुणांनी आखा आणि ओतताना बोटीचा मार्ग नोंदवत जा. एकाच ठिकाणी डोंगर आणि शेजारी मोकळा तळ, असं सहज होतं. दिवस ढगाळ असेल तर बरं, बीज उन्हात तासन्‌तास राहू देऊ नका. सगळं क्षेत्र एकदम भरण्यापेक्षा पहिल्या वर्षी छोटे तुकडे करा, वेगवेगळ्या उंचीचे, आणि त्यांच्यासारखीच पण हात न लावलेली एखादी जागा तुलनेसाठी राखून ठेवा. ओतण्याआधीची मोजणी आणि ही तुलनेची जागा नसेल, तर पुढे दिसणारा बदल तुमच्या कामामुळे झाला की त्या वर्षी सगळीकडेच बीज चांगलं आलं, हे कधीच सांगता येणार नाही.

मोजणी, वर्षानुवर्षं

चार गोष्टी प्रत्येक रीफवर मोजायच्याच: क्षेत्र, उंची, दर चौरस मीटरमागे जिवंत कालवं आणि त्यांची लांबी. सोबत तापमान, क्षारता आणि पाण्याखालच्या रीफवर ऑक्सिजन. माशांची संख्या, नायट्रोजन, किनाऱ्याची झीज हे तुमच्या उद्दिष्टाप्रमाणे जोडा.

पद्धत अशी. नकाशावर यादृच्छिक बिंदू आधीच काढून ठेवा, पाण्यात उतरल्यावर चांगला दिसणारा कोपरा निवडू नका. प्रत्येक बिंदूवर पाव चौरस मीटरची चौकट ठेवून आतलं सगळं १० ते १५ सेंटिमीटर खोलपर्यंत उचला. वर आणून जिवंत कालवं मोजा आणि त्यांची लांबी घ्या. दोन्ही झडपा जुळलेल्या पण आत रिकाम्या अशा कवचांची वेगळी मोजणी करा, कारण ती अलीकडच्या मृत्यूंची खूण आहे. रोगाच्या तपासणीसाठी दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी ठरावीक नमुने प्रयोगशाळेकडे पाठवा.

लांबीचा आलेख नीट वाचायला शिका, तो संख्येपेक्षा जास्त बोलतो. फक्त एकच उंचवटा दिसत असेल आणि तो दरवर्षी मोठ्या मापाकडे सरकत असेल, तर रीफवर तुम्ही टाकलेलीच कालवं आहेत, नवं बीज येत नाही. लहान मापाचा दुसरा उंचवटा आला की रीफ स्वतःची पिढी घडवू लागला. चेसापीकमध्ये २०११ साली ठरलेल्या निकषांत याला महत्त्व आहे. सहा वर्षांनंतर रीफच्या किमान ३० टक्के भागावर चौरस मीटरमागे १५ कालवं आणि त्यांच्या मांसाचं १५ ग्रॅम कोरडं वजन ही किमान पातळी, ५० कालवं आणि ५० ग्रॅम हे लक्ष्य, आणि एकापेक्षा जास्त वर्षांच्या पिढ्या असणं आवश्यक. मोजणी तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी होते. अनुदान देणाऱ्याशी करार करतानाच सहाव्या वर्षाचा खर्च लिहून घ्या, नाहीतर तो कधीच मिळत नाही.

पाणी स्वच्छ झाल्याचे दावे जपून करा. एक प्रौढ कालव दिवसाला सुमारे १९० लिटर पाणी गाळतं हा आकडा सगळीकडे फिरतो. तो अनुकूल तापमान, क्षारता आणि आकार असतानाची वरची मर्यादा आहे. थंड पाण्यात, गढूळ पाण्यात, लहान कालवांत तो कितीतरी कमी भरतो. रीफच्या वरच्या आणि खालच्या बाजूचं पाणी एकाच वेळी मोजून जो फरक मिळेल तोच सांगा.

कवचाचा ताळेबंद

चौकटीतून निघालेलं मोकळं कवच दोन ढिगांत वेगळं करा. पाण्यात उघडं राहिलेलं कवच तपकिरी असतं, गाळात ऑक्सिजनविना पुरलेलं काळं. दोन्हींचं आकारमान बादलीने लिटरमध्ये मोजा. डिंभांच्या कामाचं फक्त तपकिरी. कवच सतत विरघळतं, पोखरलं जातं, पुरलं जातं, आणि त्याची भरपाई मरणाऱ्या कालवांच्याच कवचांतून होते. रोगाने कालवं लहानपणीच मेली तर मागे राहणारं कवच छोटं, पातळ आणि लवकर नाहीसं होणारं असतं.

म्हणून जिवंत संख्या समाधानकारक असूनही तपकिरी कवच दोन मोजण्यांत सलग घटलेलं दिसलं, तर वाट पाहू नका. पुढच्या हंगामाआधी त्या तुकड्यावर मुरवलेल्या कवचाचा नवा थर घाला, बीज न टाकता. माळांवर त्या वर्षी बीज बसत असेल तर तेवढं पुरतं. तपकिरी कवच टिकून आहे पण लहान मापाची कालवं नाहीत, तर उलट करा, थर नको, बीज घाला. दोन्ही घटत असतील तर पिंजऱ्याची चाचणी पुन्हा लावा, रोगाचे आणि ऑक्सिजनचे आकडे शेजारी ठेवा, आणि कारण कळेपर्यंत त्या तुकड्यावरचं काम थांबवून कवच चांगल्या चाललेल्या तुकड्याकडे वळवा. फसलेल्या तुकड्यांचे आकडेही चांगल्या तुकड्यांच्या आकड्यांसोबत खुले ठेवा. शेजारच्या खाडीत पुढच्या वर्षी कोणीतरी माळा टांगणार असतं आणि त्यांना सर्वांत आधी लागतात ते हेच आकडे.